अध्यक्ष, बसा की!

राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाने पदाच्या मुदतीवर लिहावं का, मला कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. चुकलं तर माफ करा.

सुट्टीत गावच्या पाणीवापर संस्थेच्या बैठकीला गेलो होतो. अध्यक्षाने दोन मुदतींनंतर पायउतार व्हायचं, असा संस्थेचा नियम. त्याप्रमाणे आधीचे अध्यक्ष अण्णा उतरले होते आणि शोभाकाकू निवडून आल्या होत्या. काकू खुर्चीकडे निघाल्या, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, बसा की!" आणि सवयीने अण्णाच बसले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. काकू सतरंजीच्या कडेला टेकल्या.

"नियम आहे ना?" मी वडिलांना हळूच विचारलं.

"आरं, नियम खुर्चीला असतो. तोंडाला नसतो."

पुस्तकातल्या राष्ट्राध्यक्षाची मुदत संपते आणि तो घरी जातो. आमच्याकडे एकदा सरपंच झालेला माणूस मरेपर्यंत सरपंच, आणि त्याची बायको सरपंचीणबाई. यात माया आहे, ती मोडावी असं मला वाटत नाही. पण त्या मायेत नव्या माणसाने बसायचं कुठे? मुदत कागदावर लिहिता येते. हाक कशी बदलायची, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

होस्टेलवर महिनाभर हेच मनात होतं. काल आईचा फोन आला. परवाच्या बैठकीतही कुणीतरी "अध्यक्ष, बसा" म्हणालं. खुर्चीवर टेकायला वाकलेले अण्णा तसेच सरळ झाले आणि म्हणाले, "शोभा, बस. तुला म्हणतायत."