चौकटीखालची लोंबी

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं फर्निचरचं दुकान आहे. 'फ्रेंच' खुर्च्या ही आमची खासियत: बाकदार पाय, पाठीवर कोरलेली फुलं, वर सोनेरी रंग. कोरीवकाम जवळच्या मोरिवली गावचे एक काका करायचे. खुर्ची त्यांची, फ्रान्स माझा. गिऱ्हाइकाला मी बेधडक सांगायचो, "इम्पोर्टेड आहे."

एकदा दुरुस्तीला खरीखुरी जुनी फ्रेंच खुर्ची आली. सोन्याचा वर्ख झिजलेला, गादीत घोड्याचे केस, आणि बैठकीच्या चौकटीखाली ठशाने ठोकलेली अक्षरं. तिकडे बनवणारा आपलं नाव असं ठोकायचा, हे मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसले.

त्यानंतर त्यांच्या प्रत्येक खुर्चीच्या चौकटीखाली भाताची एक लोंबी कोरलेली दिसू लागली, नखाएवढी. घरची भातशेती होती त्यांची. त्यांनी मला विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ते घरी गेले की मी पॉलिश पेपर घ्यायचो आणि लोंबी घासून टाकायचो. कुणी खुर्ची उलटी करून बघितली तर माझा फ्रान्स मोरिवलीत निघेल, ही भीती. इतका भित्रा माणूस धंद्यात पडलाच कशाला, कोण जाणे.

पुढे वाचनात आलं की पॅरिसमध्येही तो ठसा सांगाडा जोडणाऱ्या सुताराचा असायचा. कोरणारा आणि वर्ख चढवणारा बहुतेक बिननावाचेच राहायचे. वाचून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

हात थरथरायला लागले तसं काकांनी काम सोडलं. परवा ते कॉलेजात शिकणाऱ्या नातीला घेऊन दुकानात आले.

"माझी एक तरी खुर्ची हाय का, शेट? हिला माझी खूण दावायचीय."

एक उरली होती. ती मीच उलटी करून धरली. नातीने मोबाइलचा टॉर्च लावला.

"इथे काहीच नाहीये, आजोबा."

काकांनी चौकटीवरून अंगठा फिरवला. घासून लाकूड जिथे किंचित खोलगट झालं होतं, तिथे तो थांबला. आयुष्य लाकडात गेलेल्या माणसाला ते कळलं नसेल, असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही.

"ही दुसऱ्या कुनाची आसल," ते नातीला म्हणाले.

मी खुर्ची सरळ ठेवली. "हो काका," मी म्हणालो, "दुसऱ्याचीच आहे."