शोभाअक्कांचा न दुखणारा हात

"आते हात दुखत नही, डॉक्टर. ऑपरेशन ऱ्हाऊ द्या," शोभाअक्का म्हणाल्या.

शेजारी त्यांचे यजमान, नाना, सुटल्यासारखे बसले होते. "दुखत नही तं मंग कापतस काबर?"

प्रश्न बिनतोड होता. जळगावात हातांची ऑपरेशनं करता करता माझे केस गेले, पण बिनतोड प्रश्नांवर उत्तर सुचत नाही ते नाहीच. घरी विचारा.

अक्का धरणगावच्या. लग्नकार्यात मांडे करून देतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत परातीएवढा करायचा आणि तापलेल्या, उपड्या खापरावर टाकायचा. मी तव्यावरची साधी पोळी उलटतानाही फाडतो. हल्ली मांडा त्यांच्या उजव्या हातातून निसटायला लागला होता. तपासणीत कार्पल टनेल निघालं.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, जातात आणि त्यांच्याच गर्दीत बोटांची जाणीव मेंदूला पोचवणारी एक नस. टेंडनवर पातळ, बुळबुळीत अस्तर असतं. ते दुखावलं की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, डागडुजी करा. हे निरोप नेणारे पदार्थ म्हणजे ग्रोथ फॅक्टर. निरोप थांबलेच नाहीत तर डागडुजीवर डागडुजी होते, अस्तर जाड आणि चिवट होतं. हेच फायब्रोसिस. बोगदा तेवढाच, सामान वाढलेलं. चेंगरते ती नस.

हे सगळं मी मन लावून समजावलं. नानांनी जांभई दिली.

मग मी अक्कांचा तळहात वर केला. मधल्या बोटाच्या टोकावर टरटरून फोड आला होता.

"हे कधी भाजलं?"

अक्कांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. "खापर लागनं व्हई. माले समजनंच नही."

"अक्का, दुखणं थांबलं ते हात बरा झाला म्हणून नाही. नस बातमी द्यायची बंद झाली. अंगठ्याखालचा हा उंचवटा बघा, बसत चाललाय. अजून थांबलो तर परत यायचा नाही."

"आनि मांडा?"

"तोही नाही."

नाना काही बोलणार, तोच अक्का म्हणाल्या, "तुम्ही गप बसा. मांडा काय तुम्ही टाकतस?" मग माझ्याकडे वळून, "करी टाका."

हात बधिर करून बोगद्याचं छप्पर, म्हणजे एक जाड पट्टा, कापला. आत अस्तर पांढुरकं, घट्ट. नस चपटी झालेली. पट्टा सुटला तशी तिला जागा मिळाली. पडद्यापलीकडून अक्का विचारत होत्या, "व्हयनं का?"

काही आठवड्यांनी नाना तणतणत आले, मागे अक्का. "पहिले दुखत नव्हतं. आते बोटस्मा मुंग्या, चटके. बिघाडी टाकं तुम्ही."

मला इतका आनंद झाला की नाना अजूनच भडकले. नस जागी होत होती.

अक्का पुन्हा मांडे करतात. अंगठ्याखालचा खड्डा पुरता भरला नाही, म्हणून मोठा मांडा सुनेकडे गेलाय. ऑपरेशननंतर हात काही काळ चुणचुणेल, हे मी आता पेशंटच्या आधी नवऱ्याला सांगतो. पेशंटला समजतंच.