वस्तीच्या विहिरीचा निम्मा वाटा

चाकणकडच्या एका गावात आजही सांगतात की वस्तीवाल्यांनी श्रमदान केलं नाही, म्हणून त्यांची विहीर झाली नाही. हे खोटं आहे. ते पहिल्यांदा मी बोललो, भर सभेत. तेव्हा खरं काय तेही मीच सांगायला हवं.

सन पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी तिथे नवा ग्रामसेवक होतो. गावच्या विहिरीत गावकुसाबाहेरच्या वस्तीला पोहरा टाकू देत नसत. बायका ओढ्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरत. एका साली सरकारी अंदाजपत्रकात गावकामांसाठी पैसा आला. अट एकच: निम्मा वाटा सरकारचा, निम्मा लोकांचा, रोख नाहीतर श्रमदान. मलाही तेव्हा ते न्यायाचं वाटलं. रोख देणाऱ्याची चूल त्या दिवशीही पेटायची. वस्तीतल्या माणसाने दिवसभर फुकट खणलं की घरात भाकरी नसायची. कागदावर मात्र दोघांचा वाटा सारखाच.

वस्तीने विहीर मागितली, गावाने चाकणच्या कांदा बाजाराकडे जाणारा रस्ता. रस्त्याची मंजुरी आली होती, विहिरीची यायची होती, पण वरचे साहेब पाहणीला येणार होते आणि मला उत्साह दाखवायचा होता. मी वस्तीला म्हटलं, सुरू करा, मंजुरी येतेच आहे. पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर रोजाने जाणारे गडी घरी राहिले. बायकांनी खुरपणी सोडली. मुरूम फोडत सगळे पाण्यापर्यंत पोचले. उरलं फक्त दगडी बांधकाम, म्हणजे सरकारचा वाटा.

रस्त्यावर बागाईतदारांनी सालगडी पाठवले होते. साहेबांची जीप दिसली तेव्हा मालकांनी स्वतः घमेली उचलली. एकाने कोटही काढला नाही. शेजारचा म्हणाला, "राव, कोट गड्याच्या अंगात घाला, म्हंजी तुमीच राबताय असं दिसंल." साहेबही हसले.

मग चावडीत सभा झाली. वस्तीला बोलावलंच नव्हतं. साहेबांनी नियम सांगितला: मंजुरीआधी केलेलं काम लोकांचा वाटा म्हणून धरता येत नाही. वस्तीने पुन्हा वाटा द्यावा, नाहीतर तो पैसा रस्त्याला जाईल. मग त्यांनी मला विचारलं, काम कोणाच्या सांगण्यावरून सुरू झालं? माझी नोकरी अजून कच्ची होती.

"कोणी सांगितलं नव्हतं साहेब," मी म्हणालो. "आणि श्रमदान म्हणावं असं काही झालेलंही नाही."

मी भ्यालो आणि खोटं बोललो. पण सगळं माझ्या भित्रेपणावर ढकलून तो नियम करणारे सुटता कामा नयेत. ज्याच्या घरात आधीच काही आहे त्यालाच पैसा मिळेल अशी सोय त्यांनी केली, आणि तिला स्वावलंबन म्हणाले. उपाशी माणसाकडून निम्मा वाटा मागताना त्यांची जीभ अडखळली नाही. त्याचा संताप मला आजही आवरत नाही.

विहिरीचा पैसा रस्त्याला गेला, हा निकाल सांगायला मी वस्तीत गेलो. रोज सकाळी सगळ्यांना खणायला उठवणारी एक बाई विहिरीच्या काठावर उभी होती.

"आमी खनलेलं साहेबाला दिसलं न्हाई व्हय, भाऊसाहेब?"

"नियमात बसत नाही, बाई."

"आन आमचा रोज बुडाला, त्यो बसतो का नियमात?"

वर विचारतो, असं मी म्हणालो. विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात विहीर चारी बाजूंनी ढासळली, आणि त्या बायका पुन्हा ओढ्याला जाऊ लागल्या.