पेन्सिलीने लिहिलेले नाव

माझ्या सासऱ्यांची मेलेल्या माणसांत जेवढी ऊठबस होती, तेवढी जिवंतांत कधीच नव्हती. ते ख्रिस्ती पाळक होते. नगर जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्या सांभाळण्यात त्यांची उमर गेली आणि निवृत्तीनंतर ते भिंगारला दोन खोल्यांत राहू लागले. शंभर वर्षांपूर्वी कोणत्या वाडीत कोणाचा बाप्तिस्मा झाला, त्याला कोणता आजार होता, त्याने मिशनच्या साहेबाशी कशावरून भांडण केले, हे सगळे त्यांना कालच्यासारखे आठवे. समोरच्या माणसाचे नाव मात्र आठवत नसे. लग्नानंतर सहा महिने त्यांनी मला एका जुन्या उपदेशकाच्या नावाने हाक मारली आणि मीही निमूटपणे ओ दिली. शेवटी त्यांनी तडजोड म्हणून मला ‘मास्तर’ म्हणायला सुरुवात केली, कारण मी शाळेत शिकवतो एवढे त्यांच्या ध्यानात राहिले होते. सासूबाई म्हणत, “वाईट वाटून घेऊ नका. आणखी शंभर वर्षांनी त्यांना तुमचं नाव पाठ होईल.”

मंडळीचा इतिहास हा त्यांचा विषय नव्हता, ते त्यांचे भाऊबंद होते. पहिल्या शतकांतल्या धर्मसभांविषयी ते शेजारच्या घरातल्या वाटणीसारखे बोलत. कोण रुसून उठून गेला, कोणी कोणाला मनवले, सगळे हातवाऱ्यांसकट. उपासनेत ते एकदा चौथ्या शतकात शिरले की लवकर बाहेर येत नसत. लग्न लावतानाही हेच. आमचे लग्न त्यांनीच लावले. त्या दिवशी ते रोमच्या बादशहापाशी पोचले तेव्हा मी उभा होतो, आणि परत आले तेव्हा माझी बायको, म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी, बाकावर बसून शेवंतीच्या हारातल्या पाकळ्या मोजत होती. “पप्पा, जेवणं गार होतायत,” असे तिने बसल्या जागेवरून सांगितले तेव्हा कुठे आमच्या हातांत हात आले.

जुन्या मंडळ्यांची रजिस्टरे हा त्यांचा खरा जीव होता. एस.टी.च्या टपावर सायकल टाकून ते निघत आणि ज्या फाट्यावर उतरत तिथून आत आठ-दहा मैल सायकल मारत. कुठे रजिस्टर धान्याच्या कणगीत सापडे, कुठे खुराड्यात अंड्यांखाली. ते घरी आणून चिंचोक्याच्या खळीने पाने चिकटवत, मध्ये कडुलिंबाचा पाला घालत आणि बरे झालेले मूल आईकडे द्यावे तसे ते रजिस्टर त्या वाडीला परत नेऊन देत. यातूनच त्यांनी जिल्ह्यातल्या पहिल्या मंडळ्यांचा इतिहास लिहायला घेतला होता. त्याचा एकच नियम होता : दोन साक्षीदार असल्याशिवाय कोणतीही गोष्ट शाईने लिहायची नाही. एक साक्षीदार असेल तर पेन्सिल. हा नियम घरातही चाले. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी दूधवाला सांगत आला, “राहात्याकडं लई पाऊस झाला म्हनं.” सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “तुम्ही स्वतः भिजलात?” तो म्हणाला, “न्हाई बा, मेव्हना सांगत हुता.” “मग दुसरा कोणी भिजलेला मिळाला तर सांगा,” असे म्हणून ते पुन्हा वाचू लागले. पाऊस झालेला नव्हताच.

सुप्याच्या पलीकडे एक वाडी होती. तिथे दर वर्षी मंडळीच्या स्थापनेच्या रविवारी सासरे उपदेशाआधी जुने रजिस्टर उघडून पहिल्या सभासदांची नावे वाचत. ज्याचे नाव येई त्याच्या घराण्यातले कोणीतरी खाली सतरंजीवरून “हजर” म्हणे. शहरातल्या एका पंचाने एकदा हरकत घेतली. “पाळकसाहेब, मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नाही.” सासरे म्हणाले, “प्रार्थना कुठं करतोय? हजेरी घेतोय.”

त्या यादीत सगळ्यांत वर लिहिले होते : ‘बापू, वय अदमासे तीस. त्याची बायको.’ बापू म्हटल्यावर सखूबाई ही म्हातारी “हजर” म्हणे. ती बापूच्या नातवाची बायको. पुढच्या ओळीपाशी सासरे थांबत. त्या वाडीत पाण्यात उभी राहून बाप्तिस्मा घेणारी पहिली बाई ती, आणि तिचे नाव लिहिणाऱ्याने विचारलेच नव्हते. सखूबाईला विचारले तर ती म्हणे, “आमच्यात थोरल्यांची नावं कोन घेतंय? आमी आपलं ‘थोरली आय’ म्हनायचो.” बाकीचे सगळे पुस्तक शाईने लिहून झाले होते. छापखानेवाला दोनदा विचारून गेला. सासरे त्याला सांगत, “एक बाई यायची राहिलीय. ती आली की निघू.”

त्याच दुष्काळात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. त्यांनी अंथरुणातून मला सांगितले, “मास्तर, सखूबाईला एकदा शेवटचं विचारून या. मला आता वाट पाहायला फारसा वेळ नाही.” सखूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. हातोडी खाली न ठेवता तिने माझे ऐकून घेतले. “ठावं असतं तर सांगितलं नसतं व्हय? त्या भल्या मान्साला कशाला तंगवीन?” असे म्हणून तिने पदराने डोळ्यांतली धूळ पुसली. मी परतीच्या एस.टी.त बसलो. सुप्यापासून नगरपर्यंत मला एकच दिसत होते, की मी रिकाम्या हाताने खोलीत शिरतो आहे. भिंगारला उतरेपर्यंत मी बापूच्या बायकोचे नाव मनानेच ठेवले होते.

“सारजा,” मी म्हणालो.

सासरे उठून बसले. “कोण म्हणालं?”

“सखूबाई.”

“आणि दुसरं?”

“दुसरं कोणी नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग “सारजा” असे एकदा हळू म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल मागितली. आठव्या दिवशी ते गेले.

दफन झाल्यावर सासूबाईंनी हस्तलिखित माझ्या हाती दिले. पहिल्या मंडळीच्या पानावर पेन्सिलीने ‘सारजा’ लिहिलेले होते आणि समासात, वळणदार अक्षरात, ‘साक्षीदार एक : आमचे जावई.’ सखूबाईचे नाव त्यांनी घातलेच नव्हते. पुढे माझे पूर्ण नाव होते, आडनावासकट, काना-मात्रेची चूक नसलेले. मी ते पान बायकोला दाखवले आणि सुप्याहून येताना काय केले ते सांगितले. ती म्हणाली, “पप्पांना कळलं होतं, तरी त्यांनी तुम्हाला खोटं म्हटलं नाही.”

स्थापनेच्या रविवारी वाडीने हजेरी घ्यायला मला बोलावले. आदल्या दिवशी मी हस्तलिखितातले ‘सारजा’ रबराने खोडले आणि ते सोबत नेले. बापूचे नाव वाचले, सखूबाई “हजर” म्हणाली. पुढच्या ओळीला मी थांबलो, सासरे थांबत तेवढाच. मला पुढे जाता येईना.

“अडलास का रं मास्तर?” सखूबाई सतरंजीवरून म्हणाली. “थोरली आय म्हन की. सारी वाडी तिला त्याच नावानं वळखत हुती.” तिच्या मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, “व्हय, माजी आजीबी तसंच म्हनायची.”

मी वाचले, “थोरली आय.” पाच-सहा जण एकदम “हजर” म्हणाले.

मी तिथेच, व्यासपीठावर, खिशातले शाईचे पेन काढून हस्तलिखितात ते नाव लिहिले. खोडलेल्या नावाचा दाब कागदावर अजून होता. शाई त्याच्यावरून गेली. दोन साक्षीदार मिळाले होते. घरी जाऊन ‘ती बाई आली’ असे आता कोणाला सांगावे, हे मात्र फाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना मला कितीतरी वेळ सुचले नाही.