चौथी काच

लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, बँकेत, कुठेही गेलो की मी आधी वर बघतो. छताला, तुळईच्या टोकाला, कमानीला कुठे चीर आहे का ते बघतो आणि मगच बसायची जागा निवडतो. घरचे याची मनसोक्त टिंगल करतात. नातीने तर माझी नक्कलच बसवली आहे: मान वर, चष्मा कपाळावर आणि तोंडाने 'ही जागा नको, तिकडे बसू.' सगळे हसतात, मीही हसतो. का बघतो ते मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही. हसण्यावारी जात होतं ते माझ्या पथ्यावरच पडत होतं.

मी असोद्याचा. ओव्हरसियरची पदविका घेऊन धुळ्याच्या एका कचेरीत लागलो तेव्हा चोविशीत होतो. मोठ्या दुष्काळाच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते शिंदखेड्याच्या बाजूच्या एका बाजारगावातल्या जुन्या सराईच्या डागडुजीचं. गावाचं नाव सांगत नाही, त्या वेळची काही माणसं अजून आहेत. सराई विटा आणि चुन्याची. मधे मोठा चौक, चारही बाजूंना ओवऱ्या आणि आत जायला एकच उंच कमान. पूर्वी तिथे तांड्यांचे मुक्काम पडत. माझ्या वेळी बुधवारच्या बाजाराला भाजीवाल्या बायका कमानीखाली ओळीने बसत, कारण गावात तेवढी दाट सावली दुसरीकडे नव्हती.

त्या सराईवर माझा जीव जडला हे कबूल करतो. तिचा गिलावा कोणे एके काळी इतका घोटलेला होता की भर वैशाखात हात लावला तरी माठासारखा गार लागे. जागोजागी तो पिवळा, करडा, कुठे शेवाळी झाला होता. आमच्या मोठ्या साहेबांना त्यात नुसती घाण दिसे. सिमेंटचं परमिट मिळणं तेव्हा महामुश्कील होतं आणि साहेबांनी ते मिळवलं होतं. सराई पाडायची आणि तिथे स्लॅबचं बाजारगृह उभं करायचं हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी मधे दुरुस्तीचं टुमणं लावून बसलो होतो. मी हट्टी होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

माझ्या बाजूने एकच माणूस होता, धुळ्याचा एक मुसलमान गवंडी. साठी उलटलेला. चुन्याचं काम जाणणारा त्या भागातला तो शेवटचाच असावा. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. बैल जुंपलेल्या घाण्यात चुना किती फेरे मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर कधी घालायचा, हे मला पदविकेत कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याने शिकवलं. जुन्या गिलाव्यात नवं ठिगळ घातलं की ते पांढरंफेक दिसतं. चाचा त्यावर चहाचं पाणी मारी, बोटाने काजळी पसरी आणि जुन्या गोणपाटाने चोळी. दोन दिवसांत ठिगळ शंभर वर्षांचं दिसू लागे. पण प्रत्येक ठिगळाभोवती तो खिळ्याने एक बारीक रेघ ओढून ठेवी. ती कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, पुढे येणाऱ्याला जुनं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळायला हवं.

साहेबांनी शेवटी एक अट घातली. भिंतींना ज्या चिरा होत्या त्या जुन्या आणि थांबलेल्या आहेत की अजून वाढताहेत, ते आधी ठरू दे. त्यासाठी चिरेवर काच बसवतात. खिडकीच्या काचेची बोटभर रुंद पट्टी चिरेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं चुन्याच्या गोळ्यात रुतवायची. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. सहा महिन्यांत एकही काच फुटली नाही तर दुरुस्तीला मंजुरी, एक जरी फुटली तरी पाडकाम. अट साधी होती आणि मी ती आनंदाने मान्य केली.

चाचाने सात काचा बसवल्या. प्रत्येक गोळ्यावर त्याने उजव्या हाताचा अंगठा दाबला. तारुण्यात कधीतरी थापीने त्याचा अंगठा तिरपा चिरला होता, त्या जखमेची रेघ प्रत्येक ठशात स्पष्ट उठली. चौथी काच कमानीच्या माथ्याजवळ होती. ती बसवून शिडीवरून उतरल्यावर तो म्हणाला, "हाई काच तुटनी म्हंजे भित चालनी. मंग खाले कोनी उभं ऱ्हावानं नही."

त्यानंतर रोज सकाळी तो कमानीखालची फरशी स्वतः झाडी आणि केरसुणीपुढे किती पिठी जमली ते बघे. चुन्याची ती बारीक पांढरी पिठी कधी चिमूटभर असे, कधी नसेच. पाच महिने ती वाढली नाही. मग हिवाळा सरता सरता एका आठवड्यात ती रोज थोडी थोडी वाढू लागली. चाचा केर भरायचा आणि वर बघायचा, एवढंच. मलाही ते दिसत होतं.

साहेबांच्या पाहणीला बारा दिवस उरले असताना, शुक्रवारी दुपारी, चाचा नमाजाला गेला होता. मजूर जेवायला गेले होते. मी शिडी लावून एकेक काच बघत निघालो. चौथी फुटलेली होती. मधोमध, केसाएवढा तडा. दोन तुकडे एकमेकांपासून जरासे सरकलेही होते. मी शिडीवर किती वेळ उभा होतो कोण जाणे. भीती वाटली ती कमान पडेल याची नव्हे. सराई आता पाडणार, याची भीती वाटली, आणि साहेब काय हसतील त्याचीही.

मी खाली उतरलो, काचेची नवी पट्टी कापली, चुना मळला. जुने गोळे खरवडून नवी काच बसवली आणि गोळ्यांवर माझा अंगठा दाबला. मग चहाचं पाणी मारलं, काजळी पसरली, गोणपाटाने चोळलं. रेघ ओढली नाही. सगळं मिळून अर्धा तास लागला. मजूर परतले तेव्हा मी चौकात बसून वहीत लिहीत होतो: काच क्रमांक चार, शाबूत.

साहेब आले, त्यांनी शिडीवर एका मजुराला चढवून सातही काचा बघून घेतल्या आणि नाराजीनेच मंजुरी दिली. गावातल्या एका मारवाडी दुकानदाराने पेढे वाटले. माझा पेढा मी एका मजुराला दिला. काम सुरू झालं. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं, म्हणून होते नव्हते ते सगळे लाकडी टेकू चाचाने तिकडे लावले. कमानीची काच शाबूत होती, तेव्हा कमान शेवटी घेऊ, असं त्याने ठरवलं. ते बरोबरच होतं. त्याचा त्या काचेवर भरवसा होता.

पुढचे पाच बुधवार मी कसे काढले ते मलाच माहीत. बाजाराच्या दिवशी सकाळपासून कमानीखाली टोपल्या मांडल्या जात. मेथी, वांगी, मिरच्या. बायका भांडत, हसत, एखादी तान्ह्याला पाजायला कमानीच्या भिंतीला टेकून बसे. मी चौकातून त्यांच्याकडे बघत राही. पाखरं उडाली तरी दचके. एकदा चाचाला सहज बोलल्यासारखं म्हटलं, कमानीलाही दोन टेकू लावून ठेवू या. त्याने विचारलं, कशाला? लाकूड कुठे आहे? मी स्वतः कमान बंद करू शकलो असतो, तेवढा अधिकार मला होता. पण वहीत कारण लिहावं लागलं असतं.

सहाव्या बुधवारी सकाळी, बाजार भरायच्या आधी, चाचा केर काढता काढता थांबला. त्या दिवशी ओंजळभर पिठी होती. त्याने स्वतः शिडी लावली आणि वर गेला. काच शाबूत. मग त्याने गोळ्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ तो तसाच वाकून बघत राहिला. खाली आला, हात धोतराला पुसले आणि माझ्यासमोर उभा राहिला. नेहमी साहेब म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला नाही.

"हाऊ अंगठा मना नही शे, भाऊ."

तो ठसा माझा आहे, हे मी कबूल केलं. त्याने विचारलं, कधी? मी तो शुक्रवार सांगितला. तो बोटांवर मोजू लागला. तो दिवस मोजत नव्हता, त्या काचेखालून गेलेले बाजार मोजत होता. मोजून झाल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आज बाजार शे," तो म्हणाला. "मी अठेच बठस. तुम्ही धुयाले जाई बठ्ठं सांगीसन या."

साहेबांना सगळं सांगायला मी धुळ्याची पहिली एसटी पकडली. वाटभर वाक्य जुळवत होतो. साहेब कचेरीत होते, एकटेच होते, मूडही चांगला होता. इतकं सगळं अनुकूल क्वचितच असतं. त्यांनी विचारलं, काय काम काढलंत? कमान हलते आहे, मी काच बदलली, एवढी दोनच वाक्यं बोलायची होती. ती बोललो असतो तर त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून पोलीस पाटलाकडून कमान बंद करवली असती. मी म्हणालो, टेकूंसाठी आणखी लाकूड हवंय. ते म्हणाले, मागणीपत्र द्या, आठ दिवसांत येईल. मी तिथेच बसून सुवाच्य अक्षरात मागणीपत्र लिहिलं. वर चहाही घेतला. परतीच्या एसटीत मी चक्क स्वतःची समजूत घातली की आठ दिवसांत लाकूड येईल, टेकू लागतील आणि कोणाला काही सांगावंच लागणार नाही.

गावात उतरलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. सराईकडे धूळ अजून हवेत होती आणि कमान जिथे असायची तिथे आभाळ दिसत होतं.

काय झालं ते समोरच्या चहावाल्याने सांगितलं. चाचा सकाळपासून कमानीच्या तोंडाशी बसून बायकांना आत बसू देत नव्हता. काही जणींनी ऐकलं. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं, कारण त्या वर्षानुवर्षं तिथेच बसत होत्या आणि गवंड्याच्या सांगण्यावरून सावली कोण सोडणार? तीनच्या सुमाराला वर टक् असा आवाज झाला. तो फक्त चाचाला कळला. माझी खोटी काच फुटली होती. तो उठून ओरडत सुटला, टोपल्या लाथेने उडवल्या, एकेकीला दंडाला धरून बाहेर काढलं. सगळ्या निघाल्या. एक म्हातारी तराजू राहिला म्हणून परत आत शिरली. चाचाने धावत जाऊन तिला बाहेर लोटलं. तो स्वतःही बाहेर पडलाच होता, उजवा हात तेवढा मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या दवाखान्यात गेलो. मनगटापासून खाली काही उरलं नव्हतं. मी खाटेशी बसलो आणि रडलो, आणि म्हणालो, आज साहेबांना सगळं सांगतो. त्याने मान हलवली. मी काल काय सांगून आलो, असं त्याने विचारलं नाही. लाकडाचा ट्रक येणार असल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, त्यावरून तो काय ते समजला होता. तो एवढंच म्हणाला, "नवं जुनं दखाडानं मीच शिकाडं ना तुम्हले." चहाचं पाणी आणि काजळी मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. मग त्याने बायकोला मला चहा द्यायला सांगितलं. मी तो प्यायलो.

मी साहेबांकडे गेलो नाही. आज जातो, उद्या जातो, असं करता करता चौकशीच लागली. सराई तोवर धोकादायक ठरून पाडायला काढली होती. तिच्या विटा पुढे दुष्काळी कामावरच्या रस्त्याच्या भरावात गेल्या. पाहणीत शाबूत निघालेली काच आणि सहाच आठवड्यांत पडलेली कमान यांचा मेळ चौकशीच्या साहेबांना बसत नव्हता. काचा नीट बसवल्याच नसतील, असा त्यांचा संशय होता. त्यांनी चाचाला विचारलं, काचा कोणी बसवल्या?

मी त्याच खोलीत होतो. तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. त्याने बघितलं नाही.

"सातबी काचा मीच बसाडेल शेत," तो म्हणाला.

कारकुनाने जबानी लिहून घेतली: काचा बसवण्यात गवंड्याचा हलगर्जीपणा. वाचून दाखवली. चाचाला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर दाबला. नियमाप्रमाणे ठशाखाली एका साक्षीदाराची सही लागते. कारकुनाने टाक माझ्या हातात दिला आणि मी सही केली.