दिल्लीतला भागीदार

खाकी कपडा दिसला की मिलिटरीशेठ उठून उभे राहत. मग तो पोस्टमन असो, जंगलखात्याचा शिपाई असो की एस.टी.चा कंडक्टर. हातातली कानस खाली ठेवून विचारत, "काय, थंडीबिंडी?" मे महिन्यात पालघरच्या उन्हात घाम पुसणारा कंडक्टर काय सांगणार? तोही म्हणे, "लय हाय, शेट. सोटर इणाला टाकलाय." लोक हसतात हे शेठना कळत असे. पण उभं राहणं त्यांनी सोडलं नाही.

मिलिटरीला त्यांनी कधी एक खिळाही विकलेला नव्हता. मनोर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. चिंचणीकडच्या होड्यांची इंजिनं आणि गावातले स्टोव्ह दुरुस्त करायचे, एवढाच धंदा. चीनच्या लढाईत आपले जवान बर्फात गारठले हे त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि मनाने घेतलं, की तिथे पेटेल असा स्टोव्ह आपण करायचा. सरकारनेही तेव्हा मुंबईत एक दालन उघडलं होतं. परदेशातून आणावा लागणारा लष्करी माल टेबलांवर मांडलेला. लहान कारखानदारांनी यावं, हात लावून पाहावं, जमेल ते करून दाखवावं. नमुना घेतला तर पितळेचा कोटा मिळणार, आणि पास झाला तर ऑर्डर.

इंग्रजी बोलायला शेठनी मला नेलं. माझे वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि कुणी विचारलं नाही तरी हे मी आजही सांगतो. शेठ मला नावाने हाक मारत नसत, 'बीए' म्हणत. तिथला साहेब चांगला होता. निघताना शेठच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सरकार आपकी पार्टनर है, सेठजी."

हे साहेबाने बोलून टाकलं आणि तो विसरलाही असेल. शेठनी ते गाठीला बांधलं. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपच्या पाटीवर पेंटर चढलेला. विचारलं तर म्हणाले, "भागीदाराचं नाव पाटीवर नको? धंद्याची रीत हाय, बीए." मी धावत जाऊन पेंटरला थांबवलं, तोवर 'आणि' लिहून झालं होतं. 'भारत सरकार' राहिलं. ते 'आणि' शेठनी पुसू दिलं नाही. येणारे-जाणारे विचारत, "आनी काय, शेट?" शेठ म्हणत, "भागीदार दिल्लीत ऱ्हातो. येल."

स्टोव्ह तयार झाला, पण पारखायचा कुठे? बर्फ आमच्या भागात एकाच ठिकाणी, मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात. शेठ अंगात दोन शर्ट घालून, कानाला मफलर बांधून लाद्यांच्या खोलीत शिरले आणि तिथे स्टोव्ह पेटवून बसले. मासळीची पाटी घेऊन आलेली एक कोळीण दारातून ओरडली, "शेट, बरफात चूल मांडलीव? बोंबील देव का भाजाला?"

"दे," शेठ आतून म्हणाले, "पन दार लाव. थंडी जाते."

बोंबील भाजला गेला. नमुना वर पाठवला गेला. आणि काही महिन्यांनी साहेबाने सांगितलं, "खाली उत्तम पेटतो. वर पहाडात गुदमरतो. तिथे हवा विरळ असते." बर्फ आम्हाला ठाऊक होता. हवा कमी असते कशी, हे समुद्राकाठच्या माणसाच्या डोक्यात कुठून यावं?

शेठनी घरातलं मोठं घंगाळ आणलं आणि पेटत्या स्टोव्हवर उपडं घालू लागले. ज्योत कोंडली की भोकं रुंद करायची, नळी वाकवून पाहायची, पुन्हा घंगाळ. "आपुन त्याला दम धराला शिकवतो," म्हणायचे. या नादात त्यांनी इंजिनांची कामं परत पाठवली. होडीवाले दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं, तेव्हा वर्कशॉपातले कामगार एकेक करून तिकडे गेले. शेठ त्यांना म्हणाले, "जा रे. ऑर्डर आली की बोलवतो."

दुसरा नमुना पास झाला. आम्ही दालनात गेलो, तर शेठचा स्टोव्ह टेबलावर मांडलेला. असा माल करू शकणाऱ्या कारखान्यांनी पुढे यावं, म्हणून. शेठना वाटलं, हा मान आहे. साहेब बदललेला होता. मी विचारलं, "आणि ऑर्डर?" तो म्हणाला, "आमची मदत नवा माल तयार करण्यापुरती. तो तयार झाला. आता उत्पादन. त्याचं खातं वेगळं. आणि तुमच्याकडे पॉवर प्रेस कुठे आहे?" मी तावातावाने बरंच इंग्रजी बोललो. ते बरोबर होतं आणि त्याचा उपयोग झाला नाही. शेठनी आपल्या स्टोव्हला दोन पंप मारून पाहिले, रुमालाने तो पुसला आणि म्हणाले, "चला, बीए."

ऑर्डर कुठल्याशा मोठ्या कारखान्याला गेली. होडीवाले परतले नाहीत. शेठ पुन्हा गावातले स्टोव्ह दुरुस्त करू लागले, एकटेच.

पासष्टची लढाई होऊन गेल्यावर मासवणचा एक जवान रजेवर आला होता. आईचा स्टोव्ह घेऊन वर्कशॉपात बसला. मी तिथेच होतो. बोलता बोलता तो वरच्या चौकीतल्या स्टोव्हला शिव्या घालू लागला. पंप मारून हात दुखतात, पण दाब धरत नाही. त्याने हातांनी आकार दाखवला, रुंद भोकं, वाकडी नळी. शेठचं काम थांबलं.

"पंपाचा वायसर चामड्याचा का रबराचा?"

"रबराचा. थंडीत लाकडावानी व्हतो. रातभर आमी तसंच बसतो." जवान म्हणाला, "ज्यानं क्येला ना काका, तो येकदा भेटाला पायजे."

"मीच तो," शेठ म्हणाले.

जवान खो खो हसला. "काका, तुमी पन ना!"

नमुना शेठचाच, पण त्यात वायसर चामड्याचा होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. शेठनी हाताने मला थांबवलं. स्टोव्ह नीट बांधून त्याच्या हाती दिला, रस्त्यापर्यंत त्याला सोडून आले आणि मग मला म्हणाले, "कशाला सांगायचं, बीए? त्याला परत तितंच जायाचं हाय."