केळीभावाच्या ग्रुपवर हवालदार

रावेरजवळ आमची केळीची बाग आहे. कटाईला पिंपळनेरकडची टोळी येते, बायका-पोरांसह. त्या दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा टोळीतल्या एका बाईच्या लक्षात आलं, आपली चार वर्षांची मुलगी कुठे दिसत नाही. तिला वाटलं होतं बापाजवळ असेल, बापाला वाटलं आईजवळ. विहीर पाहिली, पाट पाहिला. मग कोणीतरी म्हणालं, सकाळी ती ट्रकमधल्या पानांवर खेळत होती.

घड खरचटू नयेत म्हणून गाडीत केळीची पानं अंथरतात. पोरांना ती आयती गादी. सकाळपासून आमच्याकडून तीन गाड्या अर्ध्या भरून निघाल्या होत्या, उरलेला माल दुसऱ्या बागांत घ्यायला. पोर पानांत झोपली असली तर घड तिच्यावरच रचले जाणार होते.

गाड्या व्यापाऱ्याने ठरवलेल्या आणि त्याचा फोन बंद. केळीभावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे व्यापारी, गाडीवाले असतात, म्हणून तिथे लिहिलं. तीन अंगठे आले. एकाने विचारलं, "ताई, आज भाव काय निघाला?"

मी मुलीच्या आईला स्कूटीवर बसवलं आणि पोलीस चौकी गाठली.

हवालदार धुळ्याकडचे. माणूस सरळ, पण कागदावर फार जीव. ऐकून घेतलं आणि पट्टी घेऊन समास आखायला लागले.

"अक्का, मुलीचा फोटो? पासपोर्ट साईज."

"तो काढायला आधी मुलगी लागेल, भाऊ."

"वायरलेसवर कळवतो. साहेब आले की सही घेऊन—"

"केळीच्या गाडीत वायरलेस असतो का?" मी फोन पुढे केला. "यात बोला. माझं कोणी मनावर घेत नाही. तुमचं घेतील."

"भावाच्या ग्रुपवर? जावक क्रमांक कोणता टाकू?"

"मागाहून टाका. तिकडे गाडी भरतेय."

ते उठले, टोपी घातली (फोनवर आवाज पाठवायला टोपी!), घसा साफ केला. "सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की—"

मी बटणावरचं बोट काढलं. "भाऊ, ड्रायव्हर झोपतील."

बाकावरून आई त्यांच्याच अहिराणीत म्हणाली, "भाऊ, मनी पोर." माझी पोर, एवढंच.

हवालदारांनी टोपी टेबलावर ठेवली आणि फोन स्वतःच हातात घेतला. "भाऊहो, मी चौकीवरथीन हवालदार बोलस. धाकली पोर हराई गई शे. बठ्ठा गाड्या उभ्या करा, पानं उचली दखा."

या वेळी अंगठा एकही आला नाही; सगळ्या गाड्या थांबवून पानं उचलून बघत असावेत. थोड्या वेळाने व्हिडिओ आला. एका बागेत कोणीतरी गाडीतली पानं बाजूला सारत होतं आणि खाली आमची बाईसाहेब, झोपमोड केली म्हणून रागावलेली. घडांची रांग तिच्यापासून हातभर लांब होती.

आईने व्हिडिओ तीनदा पाहिला आणि फोनलाच दम दिला, "घर ये, दखस तुले!" मग पदरात तोंड घालून रडली.

हवालदारांनी त्या व्हिडिओतून मुलीचा फोटो काढून घेतला. हरवल्याची तक्रार आणि सापडल्याची नोंद एकाच बैठकीत लिहिली, दोन्हीकडे समास सोडून.

ग्रुपमध्ये मीच त्यांना घेतलं, ते अजून आहेत. कटाईच्या दिवसांत रोज सकाळी भावाच्या आधी त्यांचा आवाज येतो, "पानं उचली दखा, मंगच गाडी भरा." त्या पहिल्या निरोपाचा जावक क्रमांक मात्र अजून टाकायचा राहिलाय. मी अधूनमधून विचारते.